एक डिस्क, अनेक व्हीएम : सामायिक डिस्क इमेज लावताना काय करायचं आणि काय टाळायचं

दोन व्हर्च्युअल मशीनना (व्हीएम, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) एकच डिस्क इमेज, म्हणजे त्यांना डिस्क म्हणून दिसणारी फाइल, जोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे. व्हर्च्युअलबॉक्स, केव्हीएम, व्हीएमवेअर, हायपर-व्ही, अशी मशीन चालवणाऱ्या या सगळ्या सॉफ्टवेअरांत ती सोय आहे आणि जोडल्यावर डिस्क दोन्हीकडे दिसतेही. घोळ त्यानंतर सुरू होतो, कारण डिस्क जोडली म्हणजे फाइली शेअर झाल्या असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही.

डिस्क म्हणजे नुसते क्रमांक घातलेले कप्पे. कुठल्या कप्प्यात कोणत्या फाइलचा तुकडा आहे आणि कुठले कप्पे रिकामे आहेत, याची वही फाइल सिस्टिम ठेवते. एक्स्ट-४, एक्सएफएस, एनटीएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टिम एक गोष्ट मनात पक्की धरून लिहिलेल्या आहेत : या डिस्कवर लिहिणारा मी एकटाच. त्यामुळे वहीची पानं एकदा मेमरीत आणली की त्या मेमरीतल्या पानांवरच काम करतात, डिस्कवर कुणी काही बदललंय का हे पुन्हा पाहायला जात नाहीत. एका गावाला दोन तलाठी नेमले, दोघांनी सकाळी सातबाऱ्याची आपापली झेरॉक्स काढली आणि दिवसभर त्या झेरॉक्सवरच फेरफार केले, तर संध्याकाळी एकच गट दोघांच्या नावे निघणार. इथेही तेच होतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहा. दोन व्हीएमवर एकच एक्स्ट-४ डिस्क माउंट केली, म्हणजे वापरासाठी उघडली. पहिल्या मशीनवर फाइल बनवली, दुसऱ्यावर ती दिसत नाही. माणूस म्हणतो, कॅशचा प्रश्न असेल, आणि दुसऱ्या मशीनवर अनमाउंट करून पुन्हा माउंट करतो. आता फाइल दिसते, म्हणून त्याला वाटतं जमलं. मग दुसऱ्या मशीनवरून एक फाइल लिहिली जाते. पहिल्या मशीनच्या मेमरीतल्या नोंदीप्रमाणे ते कप्पे अजून रिकामेच असतात, त्यामुळे तिची पुढची फाइल त्याच कप्प्यांवर बसते. कुठेही एरर येत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी फाइलमध्ये भलताच मजकूर निघतो, एफएससीके ही फाइल सिस्टिम तपासणारी कमांड चालवल्यावर एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावावर असल्याच्या ओळी धडाधड येतात, आणि तोवर बॅकअपमध्येही तीच घाण गेलेली असते.

‘एका मशीनवर फक्त रीड-ओन्ली माउंट करतो’ हा उपायही फसवा आहे. वाचणाऱ्या मशीनच्या मेमरीतली वही शिळी होतच राहते. शिवाय एक्स्ट-४ रीड-ओन्ली माउंट करतानासुद्धा जर्नल (करायच्या बदलांची कच्ची नोंद) अर्धवट दिसलं तर ते डिस्कवर लिहून पूर्ण करते. म्हणजे नुसतं वाचायला आलेला पाहुणा घरमालकाच्या वहीत दोन ओळी खरडून जातो.

आधी ठरवा, सामायिक काय हवंय

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गरजा येतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

दोन-चार मशीनना एकाच फोल्डरमधल्या फाइली हव्या असतील तर सामायिक डिस्क नकोच. एका मशीनवर डिस्क ठेवा आणि तिथून एनएफएस किंवा सांबा या नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या सोयीने फोल्डर वाटा. मशीन एकाच होस्टवर, म्हणजे एकाच खऱ्या संगणकावर, असतील तर केव्हीएममध्ये व्हर्टिओ-एफएस आहे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेअर्ड फोल्डर आहे. तिथे वही एकाच्याच हातात राहते. सामायिक डिस्क लावायची कशी असं विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम इथेच भागतं.

दहा मशीनवर तीच ऑपरेटिंग सिस्टिम हवी आहे आणि प्रत्येकासाठी ८ जीबीची वेगळी कॉपी करायची नाही, ही दुसरी गरज. तिला एक मूळ इमेज आणि तिच्यावर प्रत्येक मशीनचा स्वतंत्र थर, असं उत्तर आहे. त्याकडे शेवटी येऊ.

तिसरी गरज खरी सामायिक डिस्कची, म्हणजे क्लस्टरची (एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटाची) : ओरॅकल रॅक (एकच डेटाबेस अनेक मशीनवरून चालवणारी रचना), जीएफएस-२ किंवा ओसीएफएस-२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टिम, विंडोजचं फेलओव्हर क्लस्टर (एक मशीन पडलं की दुसरं काम उचलतं). इथे वरचं सॉफ्टवेअरच असं लिहिलेलं असतं की अनेक मशीन एकाच डिस्कवर आळीपाळीने, एकमेकांना कुलूप दाखवत लिहितात. पुढचं बहुतेक सगळं या तिसऱ्या गरजेबद्दल आहे, आणि उदाहरण घेऊ ते डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) मंडळी सरावासाठी सर्वाधिक बनवतात त्याचं : व्हर्च्युअलबॉक्सवर दोन नोडचं (क्लस्टरमधल्या मशीनला नोड म्हणतात) ओरॅकल १९सी रॅक.

डिस्कची मांडणी

प्रत्येक नोडला ऑपरेटिंग सिस्टिमची आपापली डिस्क, ५० जीबी, डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) चालेल. ती सामायिक नाही. सामायिक डिस्क पाच : ओसीआर (क्लस्टरच्या रचनेची नोंदवही) आणि व्होटिंग (कुठला नोड क्लस्टरमध्ये राहील हे ठरवणाऱ्या फाइली) यांसाठी ४ जीबीच्या तीन, डेटासाठी २० जीबीची एक, रिकव्हरी एरियासाठी १५ जीबीची एक. सामायिक डिस्कची जागा आधीच पूर्ण धरावी लागते, त्यामुळे एसएसडीवरचे ४७ जीबी पहिल्याच दिवशी जातात. मेमरीचा हिशेबही आत्ताच करा. १९सीचं ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे क्लस्टर चालवणारं ओरॅकलचं सॉफ्टवेअर, प्रत्येक नोडला किमान ८ जीबी रॅम मागतं, म्हणजे १६ जीबीच्या लॅपटॉपवर हा संसार धड चालत नाही. ३२ जीबी असेल तर निवांत.

व्होटिंगच्या डिस्क तीन का? क्लस्टरमध्ये टिकून राहायला नोडला निम्म्याहून जास्त व्होटिंग फाइली दिसाव्या लागतात. तीनपैकी एक गेली तरी दोन उरतात आणि काम चालतं. दोनच ठेवल्या तर एक जाताच उरलेली एक निम्मीच भरते, म्हणजे दुसरीचा उपयोग शून्य. एएसएम या ओरॅकलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागात नॉर्मल रिडंडन्सी (किती प्रती ठेवायच्या याची पातळी) निवडली तर व्होटिंगसाठी तीन फेल्युअर ग्रुप (एकदम निकामी होऊ शकणाऱ्या डिस्कचे गट) लागतात, हाय निवडली तर पाच, एक्स्टर्नलला (यात एएसएम स्वतः जादा प्रती ठेवत नाही) एक पुरतो. तिन्ही इमेज एकाच एसएसडीवर आहेत, तेव्हा ही सुरक्षितता लुटुपुटीची आहे हे खरं. पण एक डिस्क मुद्दाम काढून क्लस्टर काय करतं ते पाहायला मिळतं, आणि सराव त्यासाठीच करायचा असतो. डेटा आणि रिकव्हरीच्या ग्रुपला मात्र एक्स्टर्नल रिडंडन्सी द्या. एकाच एसएसडीवर दोन प्रती ठेवून जागा घालवण्यात काही अर्थ नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये

पहिलं मशीन ऑपरेटिंग सिस्टिम, पॅकेजेस, युजर यांसह पूर्ण तयार करा, मग क्लोन करून दुसरं बनवा. क्लोन करताना नवे मॅक अॅड्रेस घ्यायचा पर्याय निवडा. सामायिक डिस्क या टप्प्यानंतरच बनवायच्या. आधी जोडून ठेवल्या तर क्लोन करताना त्यांचं काय करायचं हा नसता प्रश्न उभा राहतो.

इमेजसाठी दोन्ही मशीनच्या फोल्डरबाहेर एक वेगळं फोल्डर करा. कुठल्याही एका मशीनच्या फोल्डरमध्ये ठेवल्या तर उद्या ते मशीन हलवताना किंवा फोल्डर साफ करताना दुसऱ्याची डिस्क जाते.

व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर उघडा, नवीन डिस्क, प्रकार व्हीडीआय, आणि पूर्ण जागा आधीच धरण्याच्या पर्यायावर टिक. ही टिक विसरली की पुढे अडतं : व्हर्च्युअलबॉक्स डायनॅमिक इमेजला शेअरेबल होऊ देत नाही. कारण साधं आहे. डायनॅमिक इमेजमध्ये कुठला कप्पा फाइलमध्ये कुठे ठेवलाय याचा एक आतला तक्ता असतो, नवीन जागा लागली की तो बदलतो, आणि दोन मशीन एकाच वेळी तो बदलू लागल्या तर तलाठ्यांचीच गोष्ट एक मजला खाली घडते. फिक्स्ड इमेजमध्ये हिशेब ठरलेला असतो, बदलण्यासारखं काही राहत नाही.

डिस्क बनली की तिच्या गुणधर्मांत जाऊन प्रकार ‘नॉर्मल’वरून ‘शेअरेबल’ करा आणि अप्लाय दाबा. हे कुठल्याही मशीनला जोडण्याआधी करा. पाचही डिस्कचं झालं की दोन्ही मशीन बंद असताना साटा कंट्रोलरवर जोडा. पोर्टचा क्रम दोन्हीकडे तोच ठेवा : पोर्ट १, २, ३ व्होटिंग, ४ डेटा, ५ रिकव्हरी. तांत्रिकदृष्ट्या क्रम वेगळा असला तरी चालतं, पण रात्री उशिरा काहीतरी बिघडलेलं असताना दोन्हीकडे एकच क्रम असणं फार सोयीचं पडतं. हे सगळं व्हीबॉक्समॅनेजच्या कमांडनीही होतं : क्रिएटमीडियम, मग मॉडिफायमीडियम, मग स्टोरेजअटॅच. डिस्क पाचाऐवजी पंधरा असतील तर स्क्रिप्टच लिहा.

‘मल्टि-अटॅच’ नावाचा दुसरा प्रकार त्याच यादीत असतो, त्याने फसू नका. त्यात प्रत्येक मशीनचं लिखाण वेगळ्या फाइलमध्ये जातं, एकाचं दुसऱ्याला कधीच दिसत नाही. क्लस्टरसाठी तो निरुपयोगी.

मशीनच्या आत

दोन्ही मशीन चालू करून एलएसबीएलके ही डिस्कची यादी देणारी कमांड चालवा. पाच नव्या डिस्क दिसतील, पण एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका. ही नावं बूट होताना मिळालेल्या क्रमाने पडतात आणि एखादी डिस्क वाढली-घटली की सरकतात. पक्की ओळख डेव्ह-डिस्क-बाय-आयडी या फोल्डरमध्ये मिळते. तिथे व्हर्च्युअलबॉक्स हार्डडिस्क असं नाव आणि त्यापुढे इमेजच्या यूयूआयडी या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून बनलेला सिरियल क्रमांक असतो. तो दोन्ही मशीनवर सारखाच असतो, त्यामुळे डिस्क खरोखर तीच आहे की नाही हे तिथेच कळतं. व्हीएमवेअरवर हा क्रमांक आतल्या मशीनला मिळण्यासाठी सेटिंगमध्ये डिस्क-एनेबल-यूयूआयडी चालू करावं लागतं, नाहीतर एससीएसआय-आयडीची कमांड रिकामी परत येते.

आता ओरॅकल चढवण्याआधी दोन मिनिटांची एक चाचणी करा. पहिल्या मशीनवर डीडी या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या कमांडने एका कोऱ्या सामायिक डिस्कच्या सुरुवातीला ओळखू येईल असा मजकूर लिहा, आणि दुसऱ्या मशीनवर डीडीनेच तो वाचा, पण वाचताना ‘डायरेक्ट’ हा पर्याय देऊन. तो दिला नाही आणि ती डिस्क त्या मशीनने आधी वाचलेली असेल, तर मेमरीतली जुनी प्रत समोर येऊ शकते आणि डिस्क शेअरच झाली नाही असं वाटतं. लिहितानाही ‘डायरेक्ट’ द्या. मग उलट दिशेने तेच करा. दोन्हीकडून जमलं तरच पुढे जा.

पार्टिशन करायचं असेल तर एकाच नोडवर करा आणि दुसऱ्यावर पार्टप्रोब (पार्टिशनची नवी यादी वाचून घेणारी कमांड) चालवा. दोन्हीकडे वेगवेगळं करायला जाऊ नका.

मग मालकीचा प्रश्न. डिस्कच्या डिव्हाइस फाइली रूट या मुख्य युजरच्या असतात, ग्रिडच्या युजरला त्यात लिहिता येत नाही. काही जण चोन या कमांडने मालकी बदलून मोकळे होतात, इन्स्टॉलेशन व्यवस्थित पार पडतं, आणि पहिल्या रीबूटला क्लस्टर उठतच नाही, कारण डिव्हाइस फाइली प्रत्येक बूटला नव्याने बनतात आणि मालकी पुन्हा रूटकडे जाते. त्यासाठी युडेव्हचा, म्हणजे डिव्हाइस फाइली सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नियम लिहावा लागतो : अमुक सिरियलची डिस्क आली की मालक ग्रिड, ग्रुप एएसएमअॅडमिन, परवानगी ०६६०, आणि एक ठरावीक नावाची लिंक. नियमाची फाइल दोन्ही नोडवर तंतोतंत सारखी हवी. इन्स्टॉलरमध्ये डिस्क शोधण्याचा मार्ग या लिंकांच्या फोल्डरचा द्या.

इन्स्टॉलेशन अर्ध्यात फसलं आणि पुन्हा सुरू केलं की डिस्क ‘कॅंडिडेट’ऐवजी ‘मेंबर’ म्हणून दिसतात आणि निवडता येत नाहीत. आधीच्या प्रयत्नाचं एएसएम हेडर अजून त्यांच्यावर असतं. डिस्कच्या सुरुवातीचे १०० एमबी डीडीने शून्यांनी भरले की ती पुन्हा कोरी होते. ही कमांड एंटर करण्याआधी डिस्कचं नाव दोनदा वाचा. इथेही एसडीबी वगैरे न लिहिता लिंकचंच नाव वापरा.

केव्हीएमवर तेच करायचं तर

इमेज रॉ (आत कुठलेही तक्ते नसलेल्या) प्रकारचीच हवी. क्यूकाऊ-२ या दुसऱ्या प्रकारच्या इमेजमध्येही आतले तक्ते असतात, प्रत्येक क्यूईएमयू प्रोसेस (मशीन चालवणारा प्रोग्राम) ते आपल्या मेमरीत ठेवते, त्यामुळे दोन मशीनमध्ये ती वापरणं म्हणजे आपल्या हाताने इमेज मोडणं. लिबव्हर्ट, म्हणजे केव्हीएमच्या मशीनचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर, अशी इमेज शेअरेबल म्हणून स्वीकारतच नाही.

क्यूईएमयू-आयएमजीने रॉ इमेज बनवताना प्रीअलोकेशन ‘फुल’ किंवा ‘फॅलॉक’ द्या. न देताही बनते, पण मग फाइल पोकळ राहते, आणि होस्टची डिस्क भरली की लिखाण अडून मशीन पॉझ होतात. क्लस्टरमधला एक नोड असा मध्येच गोठला की बाकीचे त्याला मेलेला समजतात.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये डिस्कच्या तपशिलात ‘शेअरेबल’ची टिक आहे, ती दोन्ही मशीनवर करा. कॅश मोड ‘नन’ ठेवा. दोन्ही मशीन एकाच होस्टवर असतील तर होस्टची कॅश दोघांनाही तीच दिसते, त्यामुळे दुसरा मोड ठेवूनही रोजचं काम चालल्यासारखं दिसेल. पण दोन होस्ट आले की प्रत्येकाची कॅश वेगळी पडते, आणि एकाच होस्टवरही वीज गेली तर ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेलं लिखाण डिस्कवर पोचलेलं असेलच असं नाही. डिस्कला सिरियलही स्वतः द्या. व्हर्टिओ ब्लॉक डिस्कला सिरियल दिलं नाही तर बाय-आयडी फोल्डरमध्ये तिचं नावच येत नाही. २० अक्षरांची मर्यादा आहे.

दुसरं मशीन सुरू करताना ‘राइट लॉक मिळालं नाही, दुसरी प्रोसेस ही इमेज वापरतेय का?’ अशा अर्थाची एरर आली, तर शेअरेबलची टिक कुठेतरी राहिली आहे. हे कुलूप क्यूईएमयू २.१० मध्ये, २०१७ साली आलं. त्याआधी तीच चूक निमूट चालून जायची आणि इमेज खराब झाल्यावर कळायची. लॉकिंगच बंद करून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

फाइल सिस्टिमच हवी असेल तर

ओरॅकलचं एएसएम स्वतःचा कारभार स्वतः पाहतं. पण दोन लिनक्स मशीनना एकाच डिस्कवर साध्या फाइली हव्या असतील आणि एनएफएस चालणार नसेल, तर जीएफएस-२ किंवा ओसीएफएस-२. दोन्ही २००६ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहेत. जीएफएस-२ फॉरमॅट करताना लॉकिंगचा प्रकार डीएलएम (नोडमध्ये कुलपं सांभाळणारी व्यवस्था), क्लस्टरचं नाव, आणि जितके नोड तितकी जर्नल द्यावी लागतात. दोन जर्नल देऊन तिसरा नोड माउंट करायला गेलात तर तो नाकारला जातो. क्लस्टरचं नाव कोरोसिंक या नोड एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नावाशी जुळलं नाही तरी माउंट होत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते फेन्सिंगवर, म्हणजे गप्प झालेल्या नोडला सक्तीने बाहेर काढण्यावर. एक नोड गप्प झाला तर तो मेलाय की नुसता अडकलाय हे दुसऱ्याला कळत नाही. अडकलेला असेल तर तो दहा सेकंदांनी जागा होऊन जुन्या समजुतीने डिस्कवर लिहील. म्हणून आधी त्याची वीज तोडायची, तोडल्याची खात्री झाली की मगच त्याची कुलपं सोडायची. फेन्सिंग लावलंच नसेल तर ही खात्री कधीच होत नाही, आणि उरलेल्या धडधाकट नोडवरची फाइल सिस्टिमसुद्धा थिजून बसते. फाइलींची यादी मागणारं एलएस दिलं तरी कर्सर नुसता लुकलुकत राहतो. लोक याला जीएफएस-२ चा बग म्हणतात. प्रत्यक्षात ती तुमचा डेटा वाचवत उभी असते. केव्हीएमच्या लॅबमध्ये फेन्स-एक्सव्हीएम किंवा फेन्स-व्हर्श लावला की होस्टकरवी दुसरं मशीन बंद करता येतं.

विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरला आणखी एक गोष्ट लागते : एससीएसआय-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन, म्हणजे ‘ही डिस्क आत्ता माझ्या ताब्यात’ असं डिस्कलाच सांगून ठेवण्याची सोय. साध्या शेअरेबल इमेजमध्ये ती मिळत नाही आणि क्लस्टरची तपासणी तिथे नापास होते. सोपा मार्ग म्हणजे तिसरं छोटं लिनक्स मशीन उभारून टार्गेट-सीएलआयने आयस्कझी टार्गेट (नेटवर्कवरून डिस्क पुरवणारी सोय) बनवणं आणि दोन्ही विंडोज मशीननी नेटवर्कवरून त्या डिस्क घेणं. हायपर-व्हीवर असाल तर विंडोज सर्व्हर २०१६ पासून व्हीएचडी सेट हा खास प्रकार त्यासाठीच आहे.

एकच मूळ इमेज, अनेक थर

आता ती दुसरी गरज. मूळ क्यूकाऊ-२ इमेज तयार करा, मशीन बंद करा, आणि फाइलची परवानगी ४४४ (फक्त वाचण्याची) करून टाका. मग क्यूईएमयू-आयएमजीने प्रत्येक मशीनसाठी नवी इमेज बनवा, बॅकिंग फाइल म्हणून मूळ इमेज आणि तिचा फॉरमॅट देऊन. फॉरमॅट सांगणं क्यूईएमयू ६.१ पासून सक्तीचं आहे. नवी इमेज सुरुवातीला २०० केबीच्या आसपास असते, त्या मशीनने बदललेलं तेवढंच तिच्यात साठतं.

मूळ इमेज एकदा जरी थेट बूट केली, नुसते अपडेट टाकायला म्हणून, तरी वरचे सगळे थर बाद. थरांना वाटतं खाली जुनाच मजकूर आहे. अपडेट हवे असतील तर मूळ इमेजची नवी कॉपी करा आणि नवे थर त्यावर बनवा, जुने जुन्यावरच राहू द्या. दुसरी ठरलेली चूक मशीन-आयडीची, म्हणजे मशीनची ओळख ठेवणाऱ्या फाइलची. मूळ इमेजमध्ये तो भरलेला राहिला तर दहाही मशीन आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडे एकाच ओळखीने जाऊ शकतात आणि सगळ्यांना एकच आयपी मिळतो. मूळ इमेज बंद करण्याआधी ती फाइल रिकामी करा आणि एसएसएचच्या होस्ट की पुसा.

स्नॅपशॉट आणि बॅकअप

व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटमध्ये शेअरेबल डिस्क धरली जात नाही. मशीन कालच्या स्नॅपशॉटवर नेलं तर ऑपरेटिंग सिस्टिम कालची आणि सामायिक डिस्क आजची, असं कडबोळं होतं. परत येता यावं अशी प्रत हवी असेल तर आधी दोन्ही नोडवरचं क्लस्टर रीतसर थांबवा, दोन्ही मशीन बंद करा, आणि दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्क व पाचही सामायिक इमेज अशा सातही फाइली एकदमच कॉपी करा. परत आणतानाही सातही, आणि त्याच मूळ जागी. कॉपी केलेल्या इमेजमध्ये यूयूआयडी जुनाच असतो, त्यामुळे ती वेगळ्या जागेवरून त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडायला गेलात तर हा यूयूआयडी आधीच आहे म्हणून अडतं. नवा यूयूआयडी दिला तर अडचण सुटते, पण सिरियल बदलतो आणि युडेव्हचे नियम डिस्क ओळखत नाहीत.

डेटाची जागा कमी पडली तर इमेज ताणत बसू नका. त्याच पद्धतीने नवी फिक्स्ड इमेज करा, शेअरेबल करा, दोन्ही मशीनना पुढच्या पोर्टवर जोडा, युडेव्हमध्ये एक ओळ वाढवा आणि एएसएमच्या डिस्क ग्रुपमध्ये टाका. आकार आधीच्या डिस्कइतकाच, २० जीबी, ठेवा. एएसएम असलेला डेटा दोन्ही डिस्कवर आपोआप वाटून घेतं.